एकच साचा, निराळा रंग

दिवाळी जवळ आली कीं आमच्या साताऱ्या-सांगलीकडील अंगणांतून मातीचे डोंगर उभे राहूं लागतात. दगडविटांचा सांगाडा, त्यावर भिजविलेलें पोतें, पोत्यावर चिखलाचा लेप, आणि लेपावर टाकलेल्या अळिवाच्या दाण्यांचें चार दिवसांत उगवणारें कोवळें रान. एवढ्या सामग्रीवर आमच्याकडील मुलांनीं प्रतापगड, अजिंक्यतारा आणि सज्जनगड बांधले आहेत. किल्ला तयार झाला म्हणजे बाजारांतून चित्रें आणावयाचीं. चित्रें हा आमच्याकडील बोलण्यांतला शब्द आहे. त्याचा कागदाशीं संबंध नाहीं. सिंहासनावर बसलेले महाराज, भालदार, चोपदार, ढालतलवार घेतलेले मावळे, तोफ, वाघ, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, हीं मातीचीं किंवा प्लास्टरचीं रंगविलेलीं बाहुलीं म्हणजे किल्ल्यावरचीं चित्रें.

गेल्या दिवाळींत अशाच एका किल्ल्यापुढें मी बसलों असतां माझा नऊ वर्षांचा नातू आपली खेळण्यांची पेटी घेऊन आला. हल्लींच्या मुलांजवळ असतात तसे यंत्रमानव त्या पेटींत होते. हातपाय दुमडले, छाती फिरविली, डोकें आंत लपविलें कीं त्या यंत्रमानवाची मोटारगाडी किंवा विमान होतें, आणि उलट क्रमानें उलगडलें कीं गाडीचा पुन्हा यंत्रमानव होतो. त्यानें दोन नग माझ्या हातांत ठेवले आणि विचारलें, "आजोबा, ह्यांतला चांगला कोणता?" मीं चष्मा लावून पाहिलें. एक तांबडा, दुसरा पांढरा. बाकी चाक, सांधा, कोपरा सर्व तेंच. मी म्हणालों, "अरे, हा तर एकच आहे. रंग तेवढा दुसरा." तो हिरमुसला आणि म्हणाला, "एकच कसा असेल? हा शिपाई आहे आणि हा डॉक्टर आहे."

त्याच्या ह्या उत्तरानें मला माझी एक फार जुनी चूक आठवली. ती कोणती, तें मी शेवटीं सांगणार आहें. आरंभीं ह्या खेळण्यांचें थोडें परीक्षण करूं; कारण दोन नग एकाच साच्यांतले असतां त्यांना दोन कां म्हणावें, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं.

प्रथम आपलीं मातीचीं चित्रें घ्या. कुंभार एक नमुना मन लावून हातानें घडवितो. त्यावर प्लास्टरचा दोन पाकळ्यांचा साचा घेतात. पुढें ह्या दोन पाकळ्यांत मळलेली माती अंगठ्यानें दाबावयाची, कडांना पातळ माती लावून पाकळ्या जोडावयाच्या, थोड्या वेळानें साचा उघडावयाचा, बाजूनें उमटलेली सांध्याची रेघ खरवडून काढावयाची, आणि चित्र सावलींत वाळत ठेवावयाचें. वाळल्यावर त्याला पांढरा हात द्यावयाचा. मग अंगरख्याचा रंग, पागोट्याचा रंग, आणि सर्वांत शेवटीं बारीक कुंचल्यानें डोळे. नमुना करण्यास कौशल्य लागतें, साचा करण्यास खर्च येतो. परंतु रंग बदलण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. म्हणून एकाच साच्यांतून निघालेला मनुष्य तांबडें पागोटें बांधून भालदार होतो, पिवळें बांधून चोपदार होतो, आणि हिरवें बांधून पलीकडच्या टेकडीवरचा शत्रु होतो. कुंभाराच्या फळीवर ते वाळत पडलेले असतात, तेव्हां कोण कोणाच्या बाजूचा हें ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं.

साचा पुष्कळ वापरला म्हणजे झिजतो, हीहि गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पहिल्या शेंपन्नास चित्रांचें नाक तरतरीत असतें. पुढें तें बोथट होत जातें, मिशा गालांत विरून जातात, तलवारीची मूठ आणि हाताचीं बोटें एक होतात. मग रंगाऱ्याला जें साच्यानें सोडलें तें कुंचल्यानें भरून काढावें लागतें. चांगला रंगारी कोणता, हें झिजलेल्या साच्यावरच कळतें.

आतां यंत्रमानवांकडे वळूं. त्यांचें मूळ जपानांत आहे. टाकारा नांवाच्या कंपनीनें १९८० मध्यें डायक्लोन नांवाचा खेळण्यांचा एक संच काढला. त्यांतल्या यंत्रांना मन नव्हतें. बोटाच्या पेराएवढीं लहान माणसें त्यांत बसून तीं चालवीत, अशी कल्पना होती. पुढच्या दोनतीन वर्षांत ह्या संचांत खऱ्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या मोटारी आणि खऱ्या लढाऊ विमानांसारखीं विमानें आलीं, आणि तीं उलगडून यंत्रमानव होऊं लागलीं. १९८३ मध्यें त्याच कंपनीनें मायक्रो चेंज नांवाचा दुसरा संच काढला. त्यांत पिस्तूल, ध्वनिमुद्रणाचें यंत्र, लहानग्या मोटारी अशा घरगुती मापाच्या वस्तु यंत्रमानव होत. अमेरिकेंतील हास्ब्रो कंपनीनें ह्या दोन्ही संचांतले साचे निवडून १९८४ मध्यें ट्रान्सफॉर्मर्स ह्या एका नांवाखालीं तीं खेळणीं बाजारांत आणलीं. नांवें व स्वभाव लिहिण्याचें काम मुख्यत्वेंकरून बॉब बुडियान्स्की नांवाच्या लेखकानें केलें. हा मार्व्हल ह्या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेंत संपादक होता.

येथें कुंभाराचाच हिशेब लागू पडतो, मात्र मोठ्या प्रमाणावर. प्लास्टिकचें खेळणें पोलादी साच्यांत होतें. वितळलेलें प्लास्टिक जोरानें आंत दाबतात, तें थिजलें कीं साचा उघडतो आणि भाग बाहेर पडतो. यंत्रमानवाला असे अनेक भाग लागतात, आणि प्रत्येक भाग दुसऱ्यांत बिनचूक बसावा लागतो. त्यामुळें साच्याचा खर्च फार. प्लास्टिकच्या दाण्यांचा रंग मात्र वाटेल तेव्हां बदलतां येतो. तेव्हां एका साच्याचे दोन, तीन, चार वीर करावेत, हें व्यापारी बुद्धीला सहज सुचलें. साचे समुद्रापलीकडेहि जातात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत एम्. आर्. एफ्. आणि हास्ब्रो ह्यांच्या भागीदारींत आपल्या देशांत फनस्कूल ही कंपनी निघाली व तिचा कारखाना गोव्यांत उभा राहिला. हास्ब्रोच्या जी. आय. जो ह्या शिपायांचे साचे तिच्याकडे आले, आणि अमेरिकेंतल्या मुलांनीं कधीं पाहिले नव्हते अशा रंगांत ते शिपाई आपल्याकडील मुलांना मिळाले. शिपाई अमेरिकेचा, अंगरखा गोव्याचा!

आतां परीक्षण. रंग बदललेलें खेळणें चांगलें कीं वाईट, हें ठरवावयास मीं स्वतःपुरत्या तीन कसोट्या केल्या आहेत. त्या मातीच्या चित्रांवरच शिकलों, आणि नातवाच्या पेटीवर चालवून पाहिल्या.

पहिली कसोटी अशी कीं, रंगानें साच्याची रेषा राखली पाहिजे. साच्यांत जेथें पट्टा उठविला आहे तेथेंच पट्ट्याचा रंग थांबावा. खिडकीची काळी कड दाराच्या पत्र्यावर ओघळूं नये. ही कसोटी हाताच्या स्वच्छतेची आहे. तिच्यांत उतरलेलें खेळणें नीटनेटकें होतें, पण तेवढ्यानें तें चांगलें होत नाहीं.

दुसरी कसोटी अशी कीं, रंगाला अर्थ असला पाहिजे. १९८४ मधील जोडी पाहा. एकाच व्हॅनच्या साच्यांतून दोघे निघाले. तांबडा तो आयर्नहाइड, जुना खंदा अंगरक्षक. पांढरा, रुग्णवाहिकेच्या खुणा धारण करणारा, तो रॅचेट, वैद्य. ह्या दोघांच्या मूळ खेळण्यांना धड डोकेंहि नव्हतें. तरीहि पांढऱ्या रंगानें दुसऱ्याला वेगळा मनुष्य केलें. पांढरें म्हणजे इस्पितळ, हें मुलाला कोणी शिकवावें लागत नाहीं. तसाच एका मोटारीचा साचा तीन वेळां वापरला गेला. काळ्यापांढऱ्या रंगांत, छपरावर दिव्यांची पट्टी घेऊन, तो प्रॉल नांवाचा पोलीस अंमलदार झाला. रुपेरी रंगांत ब्लूस्ट्रीक झाला. आणि १९८५ मध्यें तांबडानिळा होऊन स्मोकस्क्रीन नांवाची शर्यतीची गाडी झाला. तिन्ही रंगांना कारण आहे. उलट, नुसता दुकानांतला ढीग वाढविण्यासाठीं जेथें हिरव्याचा जांभळा केलेला असतो, तेथें मुलाला दुसरा नग मिळतो, दुसरा गडी मिळत नाहीं.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण. नव्या रंगाबरोबर नवें काम आणि नवें मन दिलें पाहिजे. १९८६ मध्यें लहान आकाराच्या कांहीं यंत्रमानवांचे जुने साचे थोडेफार दुरुस्त करून नव्या नांवांनीं काढले. त्यांत हफर नांवाच्या नारिंगी मालमोटारीचा निळा पाइप्स झाला. हफर हा सदा कुरकुरणारा; आपला ग्रह सोडून पृथ्वीवर यावें लागलें ह्याचें त्याला अखंड दुःख. पाइप्स मात्र पृथ्वीवरच्या बारीकसारीक यंत्रांवर लुब्ध. दिसेल तें गोळा करून ठेवणारा. सांगाडा एक, परंतु एकाला परमुलखांत घर आठवतें आणि दुसऱ्याला परमुलुख हीच जत्रा वाटते. ज्यानें हें लिहिलें त्याला माणसें ठाऊक होतीं. पोटासाठीं मुंबईस गेलेल्या आपल्याकडील दोन भावांत असाच एक हफर आणि एक पाइप्स मीं पाहिला आहे. त्याच वर्षीं तांबड्या विंडचार्जरचा पांढरा टेलगेट झाला. पृथ्वीवरच्या साध्या मुक्या मोटारी ह्याहि आपल्यासारख्याच सजीव असून माणसांनीं त्यांना गुलाम केलें आहे, असें ह्या टेलगेटला वाटे! हीं खेळणीं तळहातांत मावतात. पण तिसऱ्या कसोटीला तीं उतरतात.

रंगाचें सामर्थ्य सांगलीकरांना तरी निराळें सांगावयास नको. १८४३ मध्यें चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भावे ह्यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' हें नाटक केलें, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तेथून मोजतों. त्या काळच्या नाटकमंडळ्यांतून देवपार्टी आणि राक्षसपार्टी अशा नटांच्या दोन तुकड्या असत. तोंडाला रंग चढला म्हणजे काल बाजारांत भेटलेला गृहस्थ राक्षस होई. रंग धुतला कीं पुन्हा गृहस्थ. नट जेथें सजतात त्या जागेला आपण रंगपट म्हणतों, ह्यांतच सर्व आलें. मात्र नाटक संपल्यावर राक्षसाचा रंग धुवावयाचा असतो, हें प्रेक्षक विसरत नाहींत. खेळण्याचा रंग धुतला जात नाहीं, आणि इतिहासांतला तर त्याहून चिकट असतो.

येथें मी ह्या खेळण्यांच्या इतिहासांतील एका गोष्टीकडे आपलें लक्ष वेधतों. अमेरिकेंत हे यंत्रमानव दोन पक्षांत विभागले गेले. मोटारी बहुतेक ऑटोबॉट, म्हणजे सज्जन. विमानें डिसेप्टिकॉन, म्हणजे दुर्जन. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प हे तिघे दुर्जन एकाच विमानाच्या साच्यांतले. एक राखी रंगाचा, एक निळा, एक काळा. परंतु जपानांतील मूळ डायक्लोन संचांत त्या मोटारी आणि तीं विमानें एकाच सैन्यांत होतीं, आणि एकाच परक्या शत्रूशीं लढत होतीं. समुद्र ओलांडतांना त्यांच्या अंगावर निरनिराळीं बोधचिन्हें आलीं आणि कालचे सोबती आजचे हाडवैरी झाले. पुढें १९८५ पासून खेळण्यांवर एक लहानशी चौकट येऊं लागली. ती काळी दिसे. ऊबदार बोटानें रगडली म्हणजे तिच्यांत त्या पक्षाचा मुखवटा उमटे. गडी कोणाच्या बाजूचा, हें जाणून घेण्यास बोट लावावें लागे! आणि पक्ष उमटल्यावरहि सर्व कळतच असे, असें नाहीं. त्या तीन विमानांपैकीं निळ्या थंडरक्रॅकरला आपल्या पक्षाचें ध्येय बरोबर आहे कीं नाहीं, ह्याविषयीं मनांत शंका असते, असें त्याच्या वर्णनांत मूळ लेखकानें लिहून ठेवलें आहे.

हें समजल्यावर मी थबकलों. कारण एका सैन्याचीं दोन सैन्यें होणें, आणि एकाच साच्यांतले लोक समोरासमोर उभे राहणें, हें तर साताऱ्या-सांगलीचें सतराव्या शतकांतलें रोजचें जीवन होतें. मुलांच्या किल्ल्यावर सर्वांत अधिक मांडला जाणारा प्रसंग प्रतापगडचा. तारीख १० नोव्हेंबर १६५९. मुलें एका बाजूला तांबड्या पागोट्यांचे मावळे उभे करतात, दुसऱ्या बाजूला हिरव्या पागोट्यांचें खानाचें सैन्य. परंतु खानाच्या त्या सैन्यांत मंबाजी भोसले होते. आडनांवावरूनच पाहा, महाराजांच्याच कुळांतले. आणि महाराजांबरोबर जे निवडक दहा अंगरक्षक होते, त्यांत समकालीन कवि परमानंदाच्या 'शिवभारत' ग्रंथांत सिद्दी इब्राहीम ह्याचें नांव आहे. पुढच्याच वर्षीं, १६६० मध्यें, पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठीं नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल चालून गेला. आणि वेढा घालणाराहि सिद्दीच होता, सिद्दी जौहर. तेथें कोणाला कोणता रंग द्याल?

फलटणचे निंबाळकर घ्या. बजाजी निंबाळकर आदिलशाहीचे सरदार. त्यांची बहीण सईबाई ही महाराजांची पत्नी, संभाजी महाराजांची आई. बजाजींचा मुलगा महादजी ह्याला महाराजांनीं आपली मुलगी दिली. एवढें सोयरीकसंबंध असतां, १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर महाराजांचें सैन्य मिर्झाराजे जयसिंगाबरोबर विजापुराविरुद्ध निघालें, तेव्हां त्या मोहिमेंत फलटणच घेतलें गेलें. जतचे डफळे आदिलशाहीचे मनसबदार. १६८६ मध्यें विजापूर पडल्यावर मोगलांकडे गेले. म्हसवडचे माने, मुधोळचे घोरपडे, हींहि मराठी घराणीं विजापूरच्या चाकरींत वाढलीं. महाराजांचे वडील शहाजीराजे स्वतः निजामशाही, मोगल आणि आदिलशाही ह्या तिन्ही दरबारांत वावरले होते. आणि नेताजी पालकर? स्वराज्याचा सरनोबत, १६६६ मध्यें विजापूरकरांकडे व तेथून मोगलांकडे गेला, त्याच वर्षाच्या अखेरीस मोगलांनींच त्याला कैद केलें, १६६७ मध्यें तो महंमद कुलीखान झाला, दूर काबूलकडे पाठविला गेला, आणि १६७६ मध्यें परत येऊन पुन्हा नेताजी झाला. एकाच देहानें किती रंग पाहिले!

तोच प्रकार पुढें घरच्या घरांत झाला. १७०७ मध्यें शाहू महाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले, आणि खेडच्या लढाईंत त्यांच्यासमोर उभें राहिलेलें सैन्य त्यांच्याच काकूचें, ताराबाईचें, होतें. १७०८ मध्यें शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. साताऱ्याची आणि कोल्हापूरची गादी ह्यांचा वाद १७३१ च्या वारणेच्या तहानें मिटला. सांगली जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी ती वारणा नदी दोन्ही तीरांना एकाच मायेनें पाणी देते.

कोणी म्हणेल, मास्तर, मग सर्व सारखेच, आणि चांगलें वाईट असें कांहीं नाहीं काय? तसें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणें ही तर इतिहासाची दुसरी विटंबना. साचा एक असला म्हणून करणी एक होत नाहीं. रॅचेट पट्टी बांधतो आणि आयर्नहाइड लढतो. दोघांना सारखें म्हणून मीं नातवाला दुखविलें, तें चुकलेंच होतें. अफजलखानानें जावयाचें ठरविलेल्या वाटेवरच्या रयतेला काय भोगावें लागलें, आणि महाराजांनीं आपल्या रयतेसाठीं काय केलें, ह्यांतलें अंतर कोणत्याहि कुंचल्यानें पुसलें जाणार नाहीं. मात्र तें अंतर कशानें पडलें? माणसांच्या निवडीनें आणि कृतीनें. पागोट्याच्या रंगानें नव्हे. सिद्दी इब्राहीम जन्मानें ज्या रंगाचा मानला जातो त्या रंगाकडे पाहून त्याची बाजू ठरली नाहीं. तो कोठें उभा राहिला ह्यावरून ठरली. मंबाजी भोसल्यांचेंहि तसेंच. रंग पाहून बाजू ठरविणारा मुलगा कृति पाहावयास शिकत नाहीं, आणि मोठेपणीं तो शेजाऱ्याकडेहि तसाच पाहतो. त्या पाहण्याचें मोल पुढें साऱ्या गांवाला द्यावें लागतें.

आतां ती जुनी चूक. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं कृष्णाकांठच्या एका गांवीं मी शिक्षक असतां दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा झाली आणि परीक्षक म्हणून मला बोलाविलें. एका मुलानें प्रतापगड केला होता. बांधणी उत्कृष्ट, बुरुज, माची, खालचें जावळीचें रान, सर्व जागच्या जागीं. परंतु दोन्ही बाजूंच्या सैनिकांना त्यानें एकच पांढरा हात देऊन सोडलें होतें; रंगच दिला नव्हता. मीं विचारलें, "ह्यांतले आपले कोण आणि शत्रूकडचे कोण?" तो म्हणाला, "गुरुजी, साचा एकच होता." मला वाटलें, रंगाचे पैसे नव्हते म्हणून पोर सबब सांगत आहे, किंवा आळस केला आहे. मीं "प्रसंग स्पष्ट होत नाहीं" असा शेरा देऊन त्याचे गुण कापले आणि दुसऱ्या एका झगझगीत किल्ल्याला बक्षीस दिलें. तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. किल्ल्यापुढील पणतींत तेल घालीत बसला.

पैसे नसतीलहि. पण त्यानें जें वाक्य उच्चारलें, तें त्या दिवशीं त्या अंगणांत बोलले गेलेलें इतिहासाचें सर्वांत खरें वाक्य होतें; आणि तें ऐकण्यास इतिहासाचा शिक्षक हजर असूनहि तो बहिरा होता. मीं त्याला एवढेंच विचारावयास हवें होतें, "बरें, साचा एक, तर मग त्यांतला कोण काय करीत आहे, तें मला सांग." त्याच्यापाशीं उत्तर असतें. पुढें वर्गांत मीं प्रतापगड पुष्कळ वेळां शिकविला. दोन रंगांचे खडू घेऊन फळ्यावर दोन सैन्यें काढीत असें, आणि मंबाजी भोसल्यांचें नांव घाईंत गाळीत असें. कारण तें नांव कोणत्याच खडूनें लिहितां येईना.

गेल्या दिवाळींत नातवाला मीं म्हटलें, "तुझें खरें. हे दोघे निराळे आहेत. पण कां निराळे, तें मला समजावून दे." मग तो तासभर बोलत होता. पांढरा कोणाला बरें करतो, तांबडा कोणाला वांचवितो, निळ्या विमानाला कसली शंका येते, हें सर्व त्यानें मला सांगितलें. शेवटीं त्यानें आपणहून आमच्या किल्ल्यावरचा हिरव्या पागोट्याचा एक गडी उचलला, महाराजांच्या सिंहासनाजवळ ठेवला आणि विचारलें, "ह्याला इकडे ठेवला तर चालेल?" मी म्हणालों, "चालेल. त्याचें नांव सिद्दी इब्राहीम."

श्रोतेहो, माझ्या दारांतून अजिंक्यतारा दिसतो. औरंगजेबानें १६९९ च्या डिसेंबरांत ह्या किल्ल्याला वेढा घातला; प्रयागजी प्रभूनें तो महिनेन् महिने लढविला; १७०० च्या एप्रिलांत तो मोगलांच्या हातीं गेला आणि त्याला आझमतारा असें नांव मिळालें. पुढें तो मराठ्यांनीं परत घेतला आणि तो अजिंक्यतारा झाला. दगड तेच, तटबंदी तीच, पावसाळ्यांत त्यावर उगवणारें गवतहि तेंच. नांवें येतात आणि जातात. त्या तटामागें उभा राहून प्रयागजीनें जें केलें तें मात्र कोणत्याहि नांवाखालीं टिकून राहतें.

ह्या दिवाळींत आपल्या घरीं किल्ला होईल तेव्हां एक चित्र हातांत घेऊन उलटें करून पाहा. पागोट्याखालीं, अंगरख्याच्या कडेला, रंगाच्या आड सांध्याची एक बारीक रेघ दिसेल. ती मुलांना दाखवा, आणि मग त्या चित्राची गोष्ट मुलांनाच सांगूं द्या. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.